घरच्या मेणाचे फाउंडेशन शीट घरीच पाडावेत का? नाशिककडच्या मधपाळांनी जरूर सांगा

डोंगळा_दिंडोरी
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमच्या मेलिफेराच्या (परदेशी मधमाशीच्या) पेट्या आहेत, थंडी सरताना कांदा बियाण्याच्या डोंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांवर, आणि मग बहराप्रमाणे सटाणा-देवळ्याकडे डाळिंबावर भाड्याने जातात. प्रश्न मेणपत्र्यांचा, म्हणजे माश्यांना पोळं बांधायला चौकटीत बसवतात त्या षटकोनी छापाच्या फाउंडेशन शीटचा आहे. गेल्या उन्हाळ्यात बाहेरून घेतलेले शीट एप्रिलमध्येच चौकटीतल्या तारेवरून खाली सरकले, मधोमध पोट आलं आणि माश्यांनी त्यावर जे बांधलं त्यात खालच्या निम्म्या भागात नुसती नरांची घरं. पेट्या सावलीला होत्या, पाणी जवळ होतं. कोणाकडून घेतले ते इथे लिहीत नाही, मला भांडण नको, चांगले पत्रे हवेत.

दुसरीकडे मध काढताना सुरीने कापलेल्या झाकणांचं मेण आणि जुनी काळी पोळी असं दोन्ही घरात साठून आहे. तर विचार असा आहे की आपल्याच मेणाचे पत्रे आपणच पाडावेत. पत्रा दाबून छाप उठवणारा रूळ घ्यावा का मेण ओतायचा साचा? साचा घेतला तर सिलिकॉनचा की धातूचा? आणि मुळात एवढा उद्योग परवडतो का? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

मधाळ_नाशिक
वाचतोय. माझाही हाच प्रश्न.

सिन्नरचे_काका
डोंगळा, जरूर पाडा. मी बरीच वर्षं पाडतोय, बाहेरचा पत्रा पेटीत जात नाही आमच्या.

पहिली गोष्ट, झाकणांचं मेण आणि काळ्या पोळ्यांचं मेण एकत्र करू नका. पत्र्याला फक्त झाकणांचं. ते ताजं असतं, त्यात पिलाव्याच्या, म्हणजे पोळ्यात वाढणाऱ्या अंडी-अळ्यांच्या, काती नसतात, परागही नसतो. काळ्या पोळ्यात मेण कमी आणि काती, चोथाच जास्त, वितळवल्यावर तो चोथा निम्मं मेण पिऊन बसतो. त्याचं जे निघेल ते मेणबत्तीला, बामाला, चांभाराच्या दोऱ्याला द्या.

दुसरी गोष्ट, भांडं स्टीलचं. लोखंडात मेण तपकिरी पडतं, तांब्या-पितळेत हिरवट. थेट जाळावर पातेलं ठेवायचं नाही, मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, ८५ च्या पुढे नेलं की रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून घाई नको. आणि पाणी बोअरचं घेऊ नका. आमच्याकडचं पाणी जड आहे, त्यात मेण उकळलं की पाणी आणि मेण एकमेकांत मिसळून लापशी होते आणि ती वेगळी होत नाही. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. वितळलं की जाड सुती कापडातून गाळा, भांडं गोणपाटात गुंडाळून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्या. सकाळी वडी निघते, तिच्या बुडाला जो मळ बसतो तो सुरीने खरवडून टाकायचा.

जुने_नाशिक_४२२००१
काका, तांब्या-पितळेत नको म्हणालात, आमच्या तांबट लेनमध्ये हे मोठ्याने बोलू नका, बाहेर पडू देणार नाहीत 😄

सिन्नरचे_काका
हाहा, पाणी प्यायला तांब्या त्यांच्याकडूनच घेतलाय की. मेणाला तेवढा नको.

निफाडकर_मधुबन
माझं मत वेगळं आहे. पाडू नका. पेट्या भाड्याने देणारा माणूस हंगामात रात्री ट्रकमागे असतो आणि दिवसा शेतकऱ्याच्या फोनवर, त्यात हे मेण वितळवणं कुठे बसवणार? मेण देऊन पत्रे बदलून घ्यायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, घडणावळ तेवढी द्यायची. रुळावरचा पत्रा सारखा जाडीचा येतो, लवचिक येतो. हातसाच्याचा पत्रा जाड आणि ठिसूळ. रुळाचे मोठ्या चौकटीचे किलोत पंधराच्या आसपास बसतात, साच्याचे दहा बसले तरी खूप. म्हणजे मेणही जास्त जातं.

अजून एक. पोट आलं म्हणून लगेच मेणाला दोष देऊ नका. उन्हात पत्रा पसरतो. चौकटीत खाली आणि बाजूला तीन-चार मिलिमीटर मोकळं सोडलं नसेल, किंवा तार ढिली असेल, तर शुद्ध मेणाच्या पत्र्यालाही पोट येतं.

डोंगळा_दिंडोरी
मधुबन साहेब, जागा सोडलेली होती आणि चार तारा होत्या, टिचकी मारली की वाजतील अशा ताणलेल्या. त्याच पेट्यांमध्ये दोन वर्षांपूर्वीचे पत्रे जसेच्या तसे उभे आहेत. म्हणून शंका मेणावर.

केमिस्ट_गंगापूररोड
शंका असेल तर घरीच तपासता येतं. मधमाशीच्या मेणाची घनता साधारण ०.९५ ते ०.९७, पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासूनच्या मेणाची, ०.९० च्या आसपास. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात तुमच्या स्वतःच्या पेटीतल्या, खात्रीच्या मेणाचा तुकडा टाका, तो तरंगेल. आता थोडं थोडं स्पिरिट घालून ढवळत राहा, एका क्षणी तो तुकडा वरही येत नाही आणि पटकन बुडतही नाही असा थांबतो. तिथे थांबा आणि संशयित पत्र्याचा तुकडा टाका. वर आला की त्यात हलकं काहीतरी मिसळलेलं आहे. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर उगाच तरंगतो. आणि स्पिरिट आहे, गॅस बंद ठेवून करा.

फक्त हे ध्यानात ठेवा, स्टिअरिनची (चरबी-तेलापासून केलेल्या मेणासारख्या पदार्थाची) भेसळ यात नीट पकडली जात नाही कारण त्याची घनता मेणाच्या जवळ आहे. आणि पिलाव्याला तीच जास्त वाईट. बेल्जियममध्ये २०१६ च्या सुमारास स्टिअरिन मिसळलेल्या पत्र्यांवर अळ्या मरायला लागल्या होत्या, राणी अंडी घालतेय, माश्या आहेत, अन्न आहे आणि पिलावा मात्र छर्रे लागल्यासारखा विरळ.

नवशिकी_माशी
मध्येच विचारते, रागावू नका. गच्चीवर सातेरीची, म्हणजे आपल्या देशी माशीची, एकच पेटी ठेवलीय. हा पत्रा लावायचाच कशाला? माश्या तर झाडावर स्वतःच पोळं बांधतात ना?

इतिहासवेडा
ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथने सुटी चौकट बसवलेली पेटी केली, दोन चौकटींमध्ये माशीला फिरायला पुरेल एवढीच फट ठेवली की ती फट माश्या मेणाने भरत नाहीत हे त्याने ओळखलं. पण माश्या पोळं त्यांच्या मर्जीने तिरपं बांधायच्या, एका चौकटीतून दुसरीत, मग चौकट सुटी असून उपयोग काय. १८५७ मध्ये जर्मनीत योहान्स मेरिंगने लाकडी साच्यात मेणाचा पत्रा दाबून त्यावर षटकोनी छाप उठवला. आणि १८६५ मध्ये हृश्काने पोळं न मोडता गरगर फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. या तीन गोष्टी मिळून आजचा मधपाळ उभा आहे. पत्रा नसेल तर पोळं सरळ येईलच असं नाही, आणि तार नसलेलं पोळं यंत्रात टिकत नाही.

सुरगाणा_सातेरी
ताई, थांबा. सातेरीला पत्रा लावताना आधी घराचं माप बघा. दुकानात मिळतो तो बहुतेक मेलिफेराचा असतो, त्याचं एक घर साधारण ५.३ ते ५.४ मिलिमीटर. सातेरीचं कामकरी माशीचं घर लहान, सपाटीवर ४.३ च्या जवळपास आणि डोंगराकडे ४.९ पर्यंत जातं. मेलिफेराचा पत्रा सातेरीला दिला की ती एकतर त्यावर नरघरं करते नाहीतर कुरतडून खाली टाकते, आणि माणसं म्हणतात सातेरी पेटीत टिकत नाही. टिकते हो, तिला तिचं घर द्या.

माप घ्यायची सोपी पद्धत, एका ओळीत दहा घरं मोजा आणि पट्टी लावा. मेलिफेराला ५३-५४ मिलिमीटर भरेल, सातेरीला ४३ ते ४९. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत, १९६२ ची संस्था आहे ती, सातेरीचं वेगळं माप धरूनच काम झालेलं आहे, तेव्हा पत्रा मागताना 'सातेरीचा' असं स्पष्ट मागायचं.

आमच्याकडे सुरगाणा-पेठ पट्ट्यात बरेच जण पूर्ण पत्रा लावतच नाहीत, वरच्या पट्टीला दोन-तीन सेंटीमीटरची मेणाची पट्टी चिकटवतात, खालचं पोळं सातेरी तिच्या मापाने बांधते. एका पेटीला एवढं पुरतं.

नवशिकी_माशी
खूप खूप धन्यवाद दादा! दुकानदाराने मोठ्या मापाचाच दिला होता बहुतेक, आत्ताच पट्टी लावून बघते.

नैसर्गिक_शेती_इगतपुरी
मी तर म्हणतो मेलिफेरालाही पट्टीच द्या. बाहेरच्या मेणात काय काय आलेलं असतं कोणाला माहीत. व्हरोआ (माशीवर जगणारा बारीक परजीवी) मारायच्या पट्ट्यांतलं औषध मेणात विरघळून तिथेच राहतं, वितळवून जात नाही. तेच मेण पुन्हा पत्रा होऊन दुसऱ्याच्या पेटीत. बदलून घ्यायच्या सोयीचं कौतुक झालं वर, पण तुम्ही दिलेलं मेण परत मिळत नाही, सगळ्यांचं एकत्र झालेलं मिळतं.

निफाडकर_मधुबन
मुद्दा मान्य आहे. पण पट्टीवर बांधलेलं मऊ पोळं घेऊन डोंगळ्यावरून डाळिंबावर ट्रकने जाऊन दाखवा रात्रीचं, सटाण्याच्या अलीकडेच राणी पोळ्याखाली दबलेली सापडेल. ज्याची पेटी एका जागी आहे त्याने पट्टी लावावी, फिरत्या पेटीला तारेचा पूर्ण पत्रा लागतोच. शिवाय माशीचाही हिशोब बघा, एक किलो मेण करायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात असं धरतात. पत्रा दिला की तेवढा मध आणि वेळ वाचतो, आणि नरघरंही कमी होतात.

सिन्नरचे_काका
रोगाचं पण बोला. अमेरिकन फाऊलब्रूडचे, म्हणजे पिलावा सडवणाऱ्या रोगाचे, बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत, त्याला प्रेशरमध्ये १२१ अंशाला ठेवावं लागतं. घरगुती पातेल्यात ते होत नाही. म्हणून ज्या वसाहतीत पिलावा सडलेला, वास येणारा दिसला, तिचं मेण पत्र्याला कधीच नाही. स्वतःच्या मेणाचा फायदा हाच आहे, कुठल्या पेटीतून आलं ते आपल्याला माहीत असतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
विषय मेणाचा आहे पण पेट्यावाले इथे जमलेतच तर सांगून ठेवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या बागांत फवारणी सतत चालू असते, द्राक्षाला माशीची फारशी गरज नसते म्हणून शेतकऱ्याच्या डोक्यातच ती येत नाही. शेजारी कोणाचा डोंगळा असेल आणि तिथे पेट्या असतील तर निदान बांधावर येऊन नंबर द्या, आदल्या दिवशी फोन करता येतो, फवारणी संध्याकाळी ढकलता येते. मी माझ्या गटातल्या सगळ्यांना सांगितलंय.

डोंगळा_दिंडोरी
दादा, तुमच्यासारखे शेजारी सगळ्यांना मिळोत. पेट्या ठेवताना चारही बाजूंना नंबर देतोच यापुढे.

बरं, साचा की रूळ यावर कोणी बोलेल का?

अंबड_एमआयडीसी_फिटर
मी बोलतो. मामांच्या पेट्या आहेत आणि माझं रोजचं काम साच्यांचंच आहे.

रुळाला दोन कामं लागतात. आधी साधा पत्रा करायचा. त्याला लाकडी फळी आदल्या दिवसापासून पाण्यात भिजत ठेवतात, साबणाच्या पाण्यातून काढून वितळलेल्या मेणात दोन-तीनदा बुडवतात, थंड पाण्यात घालतात, कडा कापल्या की दोन्ही बाजूंचे दोन पत्रे सोलून निघतात. मग ते कोमट पाण्यात मऊ करून रुळातून काढायचे, रुळाला सतत साबणाचं पाणी लावत. दाबाने मेणाचा पोत बदलतो म्हणून तो पत्रा लवचिक होतो, मधुबन साहेबांचं ते बरोबर आहे. पण चांगला रूळ महाग, चार-पाच जणांत मिळूनच घ्यावा.

साचा म्हणजे बिजागरीचं पुस्तक, खाली-वर छाप. खाली मेण ओतायचं, मिटायचं, जादा मेण बाहेर येतं, घट्ट झालं की उघडायचं. धातूच्या साच्याला दर वेळी साबणपाणी नाहीतर पातळ मध फासावा लागतो. सिलिकॉनला पत्रा चिकटत नाही, पण सिलिकॉन उष्णता धरून ठेवतो म्हणून थंड व्हायला वेळ लागतो, खालच्या प्लेटला पाणी फिरवलेला साचा घ्या. मेण ७५ ते ८० अंशाला ओता, त्याहून थंड असेल तर टोकापर्यंत जात नाही. पहिले काही पत्रे अर्धवट येतात, साचा कोमट झाला की नीट यायला लागतात, तोवर निराश होऊ नका, ते पुन्हा पातेल्यात.

घरीच सिलिकॉन ओतून साचा करणार असाल तर ज्या पत्र्याचा छाप घेताय त्याची घरं आधी मोजा. सुरगाण्याच्या दादांनी सांगितलेली दहा घरांची पट्टी इथेही लावा. ताणला गेलेला पत्रा छापाला घेतला तर चूक कायमची.

सुरगाणा_सातेरी
हे ताणलेल्या पत्र्याचं फार मोलाचं सांगितलंत. डोंगळा भाऊ, तुमच्या नरघरांचं उत्तर पण यातच आहे. पत्रा सरकला की छापाची घरं लांबट होतात, माशी मोजमापाला पक्की, मोठं घर दिसलं की त्यात नर.

मधाळ_नाशिक
आगीचं कोणीच बोललं नाही. मेण पेटलं तर पाणी मारू नका, भडका उडतो. जवळ घट्ट झाकण ठेवा, झाका आणि गॅस बंद करा. पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

केमिस्ट_गंगापूररोड
+१. आणि तळाशी पाणी व वर मेण असं एकाच भांड्यात करत असाल तर मोठी आच देऊ नका, खालचं पाणी उसळून मेणासकट बाहेर येतं.

डोंगळा_दिंडोरी
मंडळी, दोन आठवडे गायब होतो, माफ करा. केमिस्ट साहेबांची तपासणी केली. आमच्या झाकणांचं मेण मधे थांबलं आणि विकतच्या पत्र्याचा तुकडा सरळ वर आला, तीनदा केलं, तिन्ही वेळा वर. म्हणजे शंका खरी. राहिलेले सगळे पत्रे चौकटीतून काढले.

आम्ही तिघा मधपाळांनी मिळून पाणी फिरवायचा सिलिकॉन साचा घेतला. पत्रे जाड येतात हे खरंच आहे, पण मेण आपलं आहे, वास घेतला तरी समाधान होतं. आता दोन अडचणी आहेत. आमच्याकडच्या थंडीत साच्याचा पत्रा हातात घेतला की काचेसारखा तडकतो. आणि तार बसवताना कुठे आत जाते, कुठे आरपार कापते.

सिन्नरचे_काका
शाब्बास. थंडीतलं काम सकाळी करूच नका. दुपारी पत्रे थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, बोटाने वाकला की घ्या. पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसली तर घाबरू नका, बुरशी नाही ती, मेणाचीच असते, ऊब लागली की जाते. साठवताना आडवे ठेवा, मधे वर्तमानपत्राचा कागद, आणि उंदरापासून सांभाळा. मेणकिडा कोऱ्या पत्र्याकडे फारसा बघत नाही, त्याला पराग आणि काती लागतात, म्हणून जुनी पोळी मात्र पत्र्यांशेजारी ठेवू नका.

तारेला १२ व्होल्टची बॅटरी. पत्र्याखाली चौकटीच्या आत बसेल अशी फळी, फळी ओली केलेली. तारेच्या दोन टोकांना वायर टेकवायची, तार मेणात बसताना दिसली की लगेच उचलायची. तुमची आरपार जातेय म्हणजे जास्त वेळ टेकवताय. पत्रा जाड असल्यामुळे किंचित जास्त वेळ लागतो, पण किंचितच. बॅटरी नसेल तर दातेरी चाक गरम पाण्यात बुडवून तारेवरून फिरवा.

निफाडकर_मधुबन
साचा घेतलातच तर आता माझ्याकडून एवढं ऐका. पत्रे घाईने सगळ्या पेट्यांत भरू नका. पोळं बांधतात तरुण माश्या, साधारण बारा ते अठरा दिवसांच्या, आणि तेही बाहेरून मकरंद येत असेल तरच. फुलोरा नसताना पत्रा दिला तर माश्या तो कडेने कुरतडतात. डोंगळा फुलायला लागला, पोळ्याच्या वरच्या कडेला नवं पांढरं मेण दिसलं, की एका पेटीत एकेकच द्या. मकरंद कमी वाटला तर साखर-पाणी समसमान करून संध्याकाळी. आणि थंडी असेतो पत्रा पिलाव्याच्या मधोमध घुसवू नका, ऊब तुटते. पिलाव्याच्या शेवटच्या चौकटीला लागून लावा.

डोंगळा_दिंडोरी
दोघांचंही ऐकणार. आमच्या इकडे काही डोंगळे उमलायला लागलेत, पुढच्या रविवारी पहिल्या पेट्यांत एकेक पत्रा लावतोय. मधुबन साहेब, तुम्ही निफाडहून येताय का? मिसळ माझ्याकडून.

निफाडकर_मधुबन
मिसळ असेल तर सकाळी नऊलाच. पण पेट्या अकरानंतर उघडू, तोवर हवेत गारवा असतो. येताना माझ्या रुळावरचे दोन पत्रे आणतो, एकाच पेटीत एका बाजूला माझा, एका बाजूला तुमचा लावून बघू.

अंबड_एमआयडीसी_फिटर
मी पण येतो. दोन्ही पत्र्यांची दहा-दहा घरं आधी पट्टीने मोजून ठेवा, आणि पोळं बांधून झाल्यावर पुन्हा मोजा. आकडे इथे टाका.